चित्रलिपीचें भूत

चिनी लिपीविषयीं आमच्या सुशिक्षित समाजांत एक समजूत इतकी घट्ट बसली आहे कीं, तिच्याविरुद्ध कोणीं तोंड उघडल्यास तोच विक्षिप्त ठरावा. ती समजूत अशी : चिनी लोक अक्षरें लिहीत नाहींत, चित्रें काढतात, त्या चित्रांना ध्वनि नसतो, नुसता अर्थ असतो, आणि म्हणून चिनी, जपानी, कोरियन व व्हिएतनामी या लोकांना एकमेकांची भाषा येत नसली तरी एकमेकांचें लिहिलेलें सहज कळतें. व्याख्यानांत हें वाक्य आलें कीं श्रोते माना डोलावितात. मासिकांत तें छापून आलें कीं घरांतील मुलांना कौतुकानें वाचून दाखविलें जातें. एखादा उत्साही लेखक याच्याहि पुढें जातो, आणि भारतांतील भाषाभेदाच्या दुखण्यावर असल्या मुक्या लिपीचीच मात्रा उगाळून द्यावी, असें सुचवितो. आमच्या मतें ही समजूत मुळांतच चुकीची आहे. ती नुसती चुकीची असती तर आम्ही लेखणी उचलली नसती. जगांत चुकीच्या समजुती थोड्या नाहींत. परंतु हिच्यामुळें आमचें स्वतःचें, आणि तेंहि विद्येच्या क्षेत्रांत, मोठें नुकसान होत आहे, म्हणून हा खटाटोप.

आधीं एवढें सांगितलें पाहिजे कीं, ही कल्पना आमच्या डोक्यांतून निघालेली नाहीं. ती युरोपांतून आली, आणि तेथें ती फार जुनी आहे. भाषेच्या मध्यस्थीवांचून विचार थेट कागदावर उतरवितां येईल अशी एक लिपि असावी, हें लाइब्निट्ससारख्या तत्त्ववेत्त्याचें स्वप्न होतें, आणि त्या स्वप्नाच्या ओघांत त्याचें लक्ष चिनी लिपीकडे वेधलें होतें. पुढें १९१९ सालीं कवि एझ्रा पाउंड यानें अर्नेस्ट फेनोलोसा या अमेरिकन पंडिताचा, चिनी अक्षर हें काव्याचें साधन आहे असें प्रतिपादणारा निबंध त्याच्या मरणोत्तर प्रसिद्ध केला, आणि अक्षराअक्षरांत हालणारीं चित्रें पाहण्याची चटक इंग्रजी कवींच्या एका पिढीस लागली. निबंध मोहक आहे, हें आम्हांसहि मान्य आहे. परंतु त्याच्या ऐंशी वर्षें आधीं, १८३८ सालीं, फिलाडेल्फियाच्या पीटर ड्यूपोन्सो यानें, चिनी अक्षर हें कल्पनेचें चिन्ह नसून बोललेल्या शब्दाचें चिन्ह आहे, असें एक सबंध प्रबंध लिहून दाखविलें होतें. १९८४ सालीं जॉन डीफ्रॅन्सिस यानें चिनी भाषेसंबंधींच्या भ्रमांवर पुस्तक लिहून त्याच मुद्द्याची पुन्हां उजळणी केली. असें असूनहि चित्रांचा मोह सुटत नाहीं. युरोपांतील खोट्या नाण्यास आम्हांकडे खऱ्याचा भाव यावा, हा प्रकार नवा नाहीं. पण नाणें वाजवून घेण्याचा हक्क गिऱ्हाइकाला असतोच.

या समजुतींत जेवढें सत्य आहे तेवढें आम्ही आधींच पदरांत टाकतों. बैलांच्या खांद्यांच्या हाडांवर व कांसवांच्या कवचांवर कोरलेलीं जीं चिनी अक्षरें १८९९ पासून उजेडांत आलीं, तीं इसवी सनापूर्वींच्या बाराव्या-तेराव्या शतकांतील आहेत, आणि त्यांतील सूर्य, चंद्र, घोडा, झाड हीं अक्षरें मुळांत चित्रेंच होतीं, यांत संशय नाहीं. पण चित्रानें घोडा दाखवितां येतो; ‘परंतु’ कसा दाखवावा? ‘भाऊबंदकी’ कशी दाखवावी? भाषेंतील शब्द हजारों, आणि काढतां येण्याजोग्या वस्तु थोड्या. म्हणून चिनी लेखकांनीं फार प्राचीन काळींच एक तोड काढली. अक्षराचे दोन भाग करावे. एकानें शब्द कोणत्या जातीचा तें सुचवावें, आणि दुसऱ्यानें त्याचा उच्चार सुचवावा. शू शेन या पंडितानें इ. स. १०० च्या सुमारास जो कोश रचला, त्यांत ९,३५३ अक्षरांची ५४० वर्गांत मांडणी आहे. आणि त्यांतील दर पांच अक्षरांपैकीं चार अक्षरें या जोड-पद्धतीचीं आहेत. म्हणजे एकोणीसशें वर्षांपूर्वींच ही लिपि मोठ्या अंशानें कानाची लिपि झाली होती. आमचे लेखक मात्र अजून तिला डोळ्याचीच समजतात.

वाद हवेंत राहूं नये म्हणून आम्ही एकच अक्षर घेतों, आणि तेंहि मुद्दाम असें घेतों कीं ज्याच्याशीं आमचें कांहीं नातें आहे. हें अक्षर लिहावयास जपानी पद्धतीनें कुंचल्याचे एकवीस फटकारे लागतात. वर एका बाजूस उतरलेलें छप्पर. छपराखालीं शेजारीं शेजारीं उभीं असलेलीं झाडाचीं दोन ताटें. आणि त्यांच्या खालीं, मोठ्या विचित्र डोक्याचें, एक भूत. छप्पर व ताटें मिळून जें अक्षर होतें त्याचा अर्थ, ज्याच्या सालीचे दोर वळतात व कापड विणतात तें भांगेच्या जातीचें झाड. आतां चित्रवादी मंडळींस आमचा प्रश्न असा कीं, भांगेखालीं भूत, याचा अर्थ काय? त्यांचें उत्तर आम्ही आधींच ऐकूं शकतों. भांग पिऊन ज्याच्या अंगांत संचार होतो तो मनुष्य. किंवा नशेच्या धुंदींत दिसणारा पिशाच्चांचा खेळ. किंवा, थोडा विद्वान् लेखक असल्यास, मध्य आशियांतील एखादा प्राचीन तांत्रिक विधि. असला अर्थ ऐकतांना गंमत वाटते, आणि तो सर्वस्वी खोटा असतो. या अक्षराचा भांगेशीं अर्थानें तिळमात्र संबंध नाहीं. भांगेच्या झाडाला चिनी भाषेंत ‘मा’ म्हणतात, आणि तें झाड येथें केवळ ‘मा’ हा आवाज सांगण्यासाठीं आणून उभें केलें आहे. जो शब्द लिहावयाचा होता तो चिनी नव्हताच. तो संस्कृत शब्द होता : मार.

बोधिवृक्षाखालीं बसलेल्या सिद्धार्थाच्या तपश्चर्येंत विघ्न आणणारा, आपलें सैन्य व आपल्या कन्या घेऊन चालून आलेला, तो हा मार. ‘मृ’ धातूपासून निघालेला. मरण आणणारा, म्हणून मार. इ. स. १४८ च्या सुमारास अन् शिकाओ हा पार्थियन भिक्षु लोयांग नगरीस आला. त्याच्या काळापासून बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांचा जो ओघ सुरू झाला तो कित्येक शतकें अखंड चालला. या भाषांतरकारांपुढें माराचें काय करावें, असा प्रश्न पडला. ‘मारणारा’ असें भाषांतर करतां आलें असतें, आणि टीकाग्रंथांत तसा अर्थ दिलाहि आहे. पण विशेषनामाचें भाषांतर केल्यास नांव जातें व नुसतें वर्णन उरतें. म्हणून त्यांनीं आवाज ठेवला. प्रथम दोन अक्षरांनीं ‘मा-रा’ असा, आणि पुढें वापरानें झिजून एकट्या पहिल्या अक्षरानें. शू शेनच्या कोशांत हें अक्षर नाहीं, कारण त्याच्या काळीं चीनमध्यें तें नव्हतेंच. त्या कोशाची नवी आवृत्ति इ. स. ९८६ मध्यें शू श्वान यानें सिद्ध केली, तेव्हां पुरवणीदाखल जोडलेल्या सुमारें चारशें अक्षरांत या अक्षराला प्रथम बसावयास जागा मिळाली.

या अक्षराच्या घडणीसंबंधीं एक परंपरा आहे, ती आमच्या मुद्द्यास फार उपयोगी पडते. आठव्या शतकांतील चानरान नांवाचा भिक्षु-पंडित सांगतो कीं, जुन्या भाषांतरांत हा शब्द लिहितांना भांगेच्या खालीं भूत नसून दगड असे. भांग व दगड मिळून होणारें तें अक्षर ‘दळणें’ या अर्थाचें. त्याचा उच्चार जुळत होता, म्हणून तें उसनें घेतलें होतें. पुढें लिआंग घराण्यांतील बौद्धधर्माभिमानी बादशहा वू, ज्यानें इ. स. ५०२ पासून ५४९ पर्यंत राज्य केलें, त्याच्या काळापासून असें म्हणूं लागले कीं, मार हा माणसांस छळणारा आहे, तेव्हां त्याच्या अक्षरांत दगड न ठेवतां भूत ठेवावें. ही आख्यायिका शब्दशः खरी मानण्याचें कारण नाहीं. कोणतीहि सुधारणा राजाच्या नांवावर जमा करण्याची रीत सर्व देशांत आहे. पण ती काय सांगते तें पाहावें. दगड गेला, भूत आलें, आणि शब्द तोच राहिला. ज्या अक्षरांत दगडाच्या जागीं भूत बसवितां येतें आणि तरी वाचणारा तोच शब्द वाचतो, त्या अक्षराचा प्राण चित्रांत आहे कीं आवाजांत?

यावरहि ज्यांचें समाधान होत नसेल त्यांच्यासाठीं आमच्याच घरचें उदाहरण देतों. ह्युएनत्संग हा चिनी यात्रेकरू सातव्या शतकांत महाराष्ट्रांत आला होता, आणि इ. स. ६४६ मध्यें पुऱ्या झालेल्या त्याच्या प्रवासवृत्तांत आमच्या देशाचें व पुलकेशी राजाचें वर्णन आहे, हें शाळेंतील मुलालाहि ठाऊक असतें. महाराष्ट्र हें नांव त्यानें ज्या अक्षरांनीं लिहिलें त्यांतील पहिलें अक्षर आमच्या या अक्षराचें सख्खें भावंड आहे. वर तेंच छप्पर व तींच भांगेचीं ताटें. फक्त खालीं भुताच्या जागीं हात. त्याचा मूळ अर्थ ‘चोळणें’. चित्रवाद्यांच्या न्यायानें पाहतां महाराष्ट्र म्हणजे हातांनीं भांग चोळणाऱ्यांचा देश झाला! आमच्या अभिमानी बांधवांस हा अर्थ मान्य आहे काय? नसेल, तर दोन्ही ठिकाणीं एकच न्याय लावावा. ह्युएनत्संगाला भांग दिसत नव्हती, हात दिसत नव्हता. त्याला ‘म’ ऐकूं येत होता, आणि तो त्यानें लिहिला.

आतां हें अक्षर चीनच्या सीमेबाहेर गेलें तेव्हां त्याचें काय झालें तें पाहूं. बौद्ध ग्रंथांबरोबर तें कोरियांत गेलें, जपानांत गेलें, व्हिएतनामांत गेलें. आणि जातांना नुसता आकार नव्हे तर उच्चारहि घेऊन गेलें. त्या काळीं चीनमध्यें त्याचा उच्चार ‘मा’च्या जवळचा होता. पुढें चिनी भाषेंतील स्वर बदलले, आणि हल्लींच्या प्रमाण चिनी भाषेंत तें ‘मो’ असें वाचतात. गंमत अशी कीं, भांगेचें झाड ‘मा’च राहिलें आहे, त्यामुळें आवाज सांगावयास आणलेला साक्षीदार आज आपल्याच घरांत थोडी खोटी साक्ष देतो. परंतु जपानी, कोरियन व व्हिएतनामी या तिन्ही भाषांत अद्याप ‘मा’च म्हणतात. मुलगा परगांवीं गेला म्हणजे त्याच्या तोंडीं गांवची जुनी बोली टिकते, आणि गांवांत मात्र ती बदलून जाते, तशांतला हा प्रकार. ध्वनि नसलेल्या चित्राला जुना उच्चार कसा जपून ठेवतां येईल, हें चित्रवाद्यांनींच सांगावें.

जपानांत तर या वादाचा निकाल शाळेंतील मुलांनींच लावून टाकला आहे. एकवीस फटकाऱ्यांचें हें अक्षर घाईनें लिहावयाचें असलें कीं तेथील माणसें छप्पर तेवढें ठेवतात आणि त्याखालीं जपानी वर्णमालेंतील दोन फटकाऱ्यांचा ‘मा’ लिहितात. भांग गेली, भूतहि गेलें. छपराखालीं नुसता आवाज उरला. छापील पुस्तकांत हें रूप चालत नाहीं, पण टिपणवहींत व हस्तलिखितांत तें सर्रास दिसतें, आणि वाचणारा क्षणभरहि अडखळत नाहीं.

‘उच्चार असेल, पण अर्थ तरी चारही देशांत एकच ना?’ असा पुढचा आक्षेप येईल. तोहि तपासूं. चिनी भाषेंत रंगभूमीवरील जादूच्या खेळाला या अक्षरानें आरंभ होणारा शब्द आहे. कोरियन भाषेंतहि तोच चालतो. तींच दोन अक्षरें जपानी वाचकाला मात्र करमणुकीच्या हातचलाखीपेक्षां मंत्रतंत्राची आठवण आधीं देतात. जपानांत चहाचें पाणी ऊन ठेवण्याच्या थर्मासला ‘माहोबिन्’, म्हणजे जादूची बाटली, म्हणतात. चिनी घरांत त्याच वस्तूला ऊन पाण्याची बाटली म्हणतात, आणि तेथें ‘जादूची बाटली’ वाचणारा माणूस एखाद्या परीकथेची अपेक्षा करील. चीनच्या सेच्वान प्रांतांत आमच्या सुरणाच्याच जातीचा एक कंद बदकाच्या मांसाबरोबर शिजवितात. त्या कंदाचें नांव ‘मो-यू’, म्हणजे माराचा कंद. जपानी लोक तोच कंद ‘कोन्याकु’ या निराळ्याच नांवानें खातात.

पण सर्वांत बोलका शब्द जपानी ‘जामा’ हा आहे. ‘जा’ म्हणजे दुष्ट, आणि ‘मा’ म्हणजे आमचा मार. चिनी ग्रंथांत ही जोडी साधकाच्या मार्गांत आडवे येणाऱ्या पाखंडी राक्षसांना लावलेली आहे, आणि आजहि चिनी वाचकाला तींतून दैत्यच दिसतात. जपानी घरांत मात्र तिचा अर्थ अडथळा, व्यत्यय, खोळंबा एवढाच उरला आहे. पाहुणा दुसऱ्याच्या घरांत पाऊल टाकतांना नम्रपणें ‘ओ-जामा शिमासु’ म्हणतो, म्हणजे ‘आपणांस त्रास देतों, क्षमा असावी’. बोधिवृक्षाखालीं सैन्य घेऊन आलेला मार आज जपानांत उंबऱ्याबाहेर जोडे काढून, वांकून नमस्कार करून आंत येतो! आणि आम्हांस सांगतात कीं, हीं अक्षरें सर्व देशांत एकच अर्थ दाखवितात. चिनी माणसानें हा शब्द केवळ डोळ्यांनीं वाचला तर, यजमानाच्या घरीं राक्षस शिरले, असें त्याला वाटेल.

जपानींतच दुसरा एक वाक्प्रचार आहे. एखाद्या सरळ माणसाच्या हातून क्षणाच्या मोहानें चोरी घडली, तर ‘मा आंत शिरला’ असें म्हणतात. तेथें मूळ अर्थ बराचसा टिकलेला दिसतो. कोरियन वृत्तपत्रें अग्निप्रलयाला आगीचा ‘मा’, महापुराला पाण्याचा ‘मा’ म्हणतात. झोंपेचा ‘मा’ कोरियन व जपानी या दोन्ही भाषांत आहे. अभ्यासाला बसलेल्या विद्यार्थ्याला तो गांठतो. सुत्तनिपातांत माराच्या सेना मोजल्या आहेत, त्यांत आळस व झांपड यांची सेना पांचवी आहे, हें ज्याला ठाऊक आहे त्याला या शब्दावर थोडें थांबावेंसें वाटेल. व्हिएतनामी भाषेंत ‘मा’ म्हणजे साधें भूत. आणि अंत्ययात्रेस ‘दाम मा’ म्हणतात. ‘मृ’ धातूपासून निघालेला शब्द दोन समुद्र ओलांडून पुन्हां मरणाच्या दारीं येऊन बसला. भारतीय ग्रंथांत मार हा भूत नव्हे. तो देव आहे, कामधातूचा स्वामी आहे. स्कंधमार, क्लेशमार, मृत्युमार व देवपुत्रमार असे त्याचे चार प्रकार शास्त्रकारांनीं केले आहेत. चिनी लेखकांनीं त्याच्या अक्षरांत भूत घातलें, आणि पूर्वेकडच्या सामान्य माणसानें त्याला भूतच करून टाकलें. पुढें ख्रिस्ती मिशनऱ्यांनीं बायबलचीं भाषांतरें केलीं, तेव्हां अरण्यांत येशूची परीक्षा पाहणाऱ्या सैतानास नांव हवें होतें. चिनींत ‘मो-ग्वेइ’, कोरियनमध्यें ‘मा-ग्वी’, व्हिएतनामींत ‘मा-क्वी’, जपानींत ‘आकुमा’; चारही ठिकाणीं बुद्धाच्या छळणाऱ्याचेंच नांव येशूच्या छळणाऱ्यास मिळालें.

आमच्या विरुद्ध पक्षाचा एक पुरावा मात्र भक्कम आहे, आणि त्याला बगल देणें अप्रामाणिकपणाचें होईल. पूर्व आशियांतील सुशिक्षित माणसें खरोखरच एकमेकांची बोली न समजतां कागदावर कुंचल्यानें संभाषण करीत असत. १९०५ सालीं व्हिएतनामी देशभक्त फान बोइ चाउ योकोहामा येथें चिनी सुधारक लिआंग छी-छाओ याला भेटला, तेव्हां त्यांचें बोलणें असेंच कागदावर झालें. पण तें कशाच्या बळावर? चित्रांच्या नव्हे. दोघेही लहानपणापासून प्राचीन चिनी भाषा घोकलेले होते, आणि त्या भाषेंत ते लिहीत होते. काशीचा पंडित व रामेश्वरचा पंडित संस्कृतांत बोलले, तर देवनागरी ही चित्रलिपि आहे असें आम्ही म्हणत नाहीं. दोघांना संस्कृत येतें, एवढेंच म्हणतों. कुंचल्याचें संभाषण हें विद्वानांच्या सामाईक भाषेचें फळ होतें. व्हिएतनाममधील जुन्या धर्तीची शेवटची राजकीय परीक्षा १९१९ सालीं झाली, तें शिक्षण संपलें, आणि त्याबरोबर तें संभाषणहि संपलें. लिपि मुकी असती आणि तरी सर्वांना कळत असती, तर शिक्षण संपल्यानें कां संपावी?

शेवटचा व निर्णायक पुरावा असा. कोरियांत आज हें अक्षर बहुधा लिहिलेंच जात नाहीं. उत्तरेंत चिनी अक्षरें १९४९ च्या सुमारास बंद झालीं, आणि दक्षिणेंतहि रोजचें लेखन हांगुल वर्णमालेंतच चालतें. व्हिएतनाम रोमन लिपींत लिहितो. म्हणजे या दोन देशांत छप्पर, भांग व भूत हीं तिन्ही नाहींशीं झालीं. ‘मा’ हा शब्द मात्र जागच्या जागीं आहे. हांगुलमध्यें झोंपेचा ‘मा’ व पाण्याचा ‘मा’ हे दोन्ही शब्द ‘सुमा’ असे एकसारखेच लिहिले जातात, तरी पूर आला कीं डुलकी आली, याविषयीं कोणाचा घोटाळा होत नाहीं. व्हिएतनामी भाषेचे सहा सूर शिकवितांना प्रसिद्ध उदाहरण याच शब्दाचें देतात : एका सुरांत ‘मा’ म्हणजे भूत, दुसऱ्यांत आई, तिसऱ्यांत ‘पण’, चौथ्यांत कबर, पांचव्यांत घोडा, सहाव्यांत भाताचें रोप. सूर हाच शब्दाचा जीव, आणि सूर कोणत्याहि चित्रांत दिसत नाहीं.

येथवर वाचून आमच्यांतील दुसरा एक पक्ष प्रसन्न झाला असेल. ‘पाहा, त्यांचीं भुतेंसुद्धां आमचींच! सर्व आशिया आमचा शिष्य!’ त्यांचेंहि समाधान आम्हांस करतां येत नाहीं. मार हा शब्द आमच्याकडून गेला, हें खरें. पण आम्हांपाशीं तो राहिला काय? अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यांत मारविजयाचें भव्य शिल्प आहे, पहिल्या लेण्यांत तोच प्रसंग रंगविलेला आहे. म्हणजे चीनमध्यें दगड जाऊन भूत आलें, असें जेव्हांचें सांगतात, जवळजवळ त्याच काळीं आमच्या डोंगरांत या माराची मूर्ति घडत होती. आणि तरीहि पुढें मराठींत ‘मार’ म्हणजे फक्त पाठीवर बसतो तो! हजार वर्षें हीं लेणीं रानांत पडलीं आणि शब्दहि त्यांच्याबरोबर पडला. धर्मानंद कोसंबी यांच्यासारख्यांनीं पालि ग्रंथ मराठींत आणले, १९५६ नंतर लाखों घरांत बुद्धचरित्र पुन्हां वाचलें जाऊं लागलें, तेव्हां या शब्दाचा जुना अर्थ मराठी कानांस परत ऐकूं आला. मधल्या सर्व काळांत तो शब्द ज्यांनीं सांभाळला, वांकविला, वाढविला, त्याच्यापासून जादू केली, कंदाचें नांव केलें, दारांतील नम्र क्षमायाचना केली, त्यांचाच तो आहे. वापरणाऱ्याचा शब्द असतो. देऊन विसरणाऱ्याचा नव्हे.

आतां आरंभीं जें नुकसान म्हटलें तें सांगतों. अश्वघोषाच्या बुद्धचरिताचे अठ्ठावीस सर्ग; संस्कृतांत त्यांपैकीं निम्म्याच्या आसपास उरले आहेत, बाकीचे चिनी व तिबेटी भाषांतरांतून कळतात. ‘विमुत्तिमग्ग’ हा ग्रंथ सहाव्या शतकाच्या आरंभीं, त्याच लिआंग बादशहा वू याच्या राज्यांत, चिनी भाषेंत उतरला. समग्र ग्रंथ आज त्या चिनी रूपांतच हातीं लागतो. पुण्याचे पु. वि. बापट यांनीं चिनी भाषा शिकून त्याची ‘विसुद्धिमग्गा’शीं तुलना करणारा ग्रंथ १९३७ सालीं प्रसिद्ध केला, आणि १९७० सालीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें त्यांचें व जपानी पंडित हिराकावा यांचें विनयटीकेच्या चिनी रूपाचें भाषांतर छापलें. बापटांना हें चित्रें पाहून साधलें नाहीं. फ्रान्सच्या स्तानिस्लास झ्यूलियँ यानें १८६१ सालीं चिनी ग्रंथांतील संस्कृत नांवें ओळखण्याची पद्धति पुस्तकरूपानें मांडली. तिचा सारा पाया अक्षरांच्या ध्वनीवर होता. ह्युएनत्संगाच्या वृत्तांतांतील नांवें अशीं ध्वनीवरून ओळखतां आलीं, म्हणून तर कनिंगहॅम तें पुस्तक हातीं घेऊन नालंदेसारखीं स्थळें निश्चित करूं शकला. हीं अक्षरें मुकीं चित्रें असतीं, तर आमच्याच देशाचा हरवलेला भूगोल आम्हांला कधींच सांपडला नसता. ज्या गुणामुळें आमचा इतिहास वांचला, नेमका तोच गुण त्या लिपींत नाहीं असें आम्ही व्याख्यानांतून सांगत फिरतों!

चित्रवादाचा खरा तोटा येथें आहे. तो आळसाला विद्वत्तेचा पोषाख चढवितो. अक्षर जर चित्र असेल, तर भाषा शिकण्याचें कारणच काय? नुसतें पाहावें, तर्क करावा, थोडी कल्पना लढवावी, आणि लेख पाठवून द्यावा. अक्षर जर शब्द असेल, तर मात्र दहा वर्षें बसावें लागतें. उच्चार, कोश, जुने ग्रंथ, सर्व आलें. पहिल्या मार्गानें जाणारे आम्हांकडे पुष्कळ आहेत. बापटांच्या मार्गानें जाणारे हाताच्या बोटांवर मोजावे लागतात. ज्या घरांत हें मासिक वाचलें जातें, त्या घरांतील एखाद्या मुलानें किंवा मुलीनें उद्यां चिनी शिकण्याची इच्छा बोलून दाखविल्यास, ‘तीं चित्रें शिकून काय करणार?’ असें वडील माणसांनीं म्हणूं नये, एवढीच आमची विनंति आहे. तें मूल दुसऱ्या कोणाचीं चित्रें शिकत नसेल. आमच्याच पूर्वजांनीं लिहिलेलीं आणि आम्हीं गमावलेलीं पुस्तकें वाचण्याची तयारी तें करीत असेल.